माळ्यावर सापडलेली जड काठी: गुप्ती, बंदूक की आणखी काही?

वाईच्या जुन्या घराच्या माळ्यावर सापडलेली काठी गुप्ती (आत पाते दडवलेली काठी) आहे की बंदूक, आणि ती घरात ठेवता येईल का, असे आपण विचारले आहे. आपल्या वर्णनानुसार काठी सुमारे ३ फूट लांब आहे, गाठीदार लाकडासारखी रंगवलेली पण हाताला लोखंडासारखी जड आहे, मध्यावर आट्यांनी जोडलेली आहे आणि जोडाच्या खालच्या बाजूस एक चौकोनी भोक व लहानसे बटण आहे. पाते, घोडा (आघात करणारा भाग) किंवा चाप (बोटाने ओढायचा भाग) कुठेही दिसत नाही. एवढ्या वर्णनावरून आणि सोबतच्या छायाचित्रांवरून माझे मत असे झाले आहे की ही दाबलेल्या हवेच्या जोरावर गोळी सोडणारी काठी असावी. इंग्लंडात अशा काठ्यांना ‘एअर केन’ म्हणत आणि १९व्या शतकात त्या मुख्यतः बर्मिंगहॅम व लंडन येथे तयार होत.

गुप्ती बाजूला ठेवायला पात्याचा अभाव पुरेसा आहे. दारूवर चालणारी काठी-बंदूक मात्र नीट तपासून मगच नाकारली पाहिजे, कारण तिचे प्रकार अनेक आहेत. जॉन डे या इंग्रज कारागिराने १८२३ मध्ये पेटंट घेतलेल्या ठासणीच्या काठीत घोडा नळीच्या खालच्या अंगाला असतो आणि तो ओढला की आत दडलेला चाप खाली उतरतो. अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीने १८५८च्या पेटंटावर गट्टापर्चाचे (रबरासारख्या झाडाच्या चिकाचे) आवरण असलेल्या काठ्या काढल्या. त्यांची मूठ मागे ओढली की घोडा चढतो. पुढे बेल्जियम आणि फ्रान्समध्ये काडतुसाच्या काठ्या निघाल्या, ज्यांची मूठ फिरवून काडतूस मागून भरता येते. या सर्वांत एक गोष्ट समान आहे: दारूला आग पोहोचवण्याची काहीतरी सोय, मग ती केप (आघाताने ठिणगी देणारी छोटी टोपी) बसवण्याची बोंडी असो वा काडतुसाचे घर. आपल्या काठीत तशी सोय दिसत नाही.

चौकोनी भोक हीच या काठीची खरी ओळख आहे. वरचा, मुठीकडचा अर्धा भाग म्हणजे हवेची टाकी असून तिच्या तोंडाशी झडप असते. खालचा अर्धा भाग म्हणजे नळी, आणि नळीच्या वरच्या टोकाला कळ, म्हणजे गोळी सोडणारी यंत्रणा, बसवलेली असते. त्या भोकात किल्ली घालून फिरवली की आतली कमान (स्प्रिंग) ताणली जाते. बटण दाबले की ती सुटते, झडपेच्या खिळ्यावर आघात होतो, झडप क्षणभर उघडते आणि तेवढ्या हवेने गोळी बाहेर जाते. टाकी वेगळ्या हातपंपाने भरावी लागे आणि त्यासाठी शेकडो वेळा दट्ट्या मारावा लागे, म्हणजे साहेबाची ही हौस नोकराच्या दंडांवर चालत असणार. एकदा भरलेल्या हवेवर अनेक गोळ्या सुटत, मात्र प्रत्येक वेळी जोर थोडा कमी होई. खालच्या टोकाची पितळी शेंबी निघत असेल तर ती काढून नळीचे तोंड पाहावे. काही काठ्यांत साध्या नळीच्या आत मळसूत्री खाचांची दुसरी नळी सरकवलेली आढळते आणि ती मिळाली तर माझ्या तर्काला मोठाच आधार मिळेल.

काठीवर कसलाच ठसा नाही, म्हणून ती गावठी असावी, हा आपल्या काकांचा तर्क मला पटत नाही. बर्मिंगहॅमच्या किंवा बेल्जियममधील लिएजच्या बंदूक-चाचणीगृहाचे ठसे दारूचा स्फोट सोसणाऱ्या नळ्यांवर मारले जात. हवेच्या बंदुकांना ती चाचणी लागू नव्हती. शिवाय बहुतेक एअर केनवर कारागिराचे नावही नसते.

पणजोबा महाबळेश्वरी एका साहेबाकडे नोकरीस होते, ही घरातली माहिती शक्यतेच्या कोटीतली आहे. महाबळेश्वर १८२८ पासून इंग्रजांचे थंड हवेचे ठिकाण झाले आणि तेथे उन्हाळ्यात मुंबईचे अधिकारी येत. परंतु पत्र, पावती किंवा मुठीवरची आद्याक्षरे सापडेपर्यंत ‘साहेबाने बक्षीस दिली’ हे वाक्य कागदावर लिहू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. टाकीत हवा भरून पाहण्याचा मोह कृपया टाळावा. शंभरहून अधिक वर्षांत तिचा पत्रा आतून गंजलेला असू शकतो आणि जोड दाबाखाली फुटू शकतो. ही टाकी हातात, चेहऱ्याजवळ असते हे ध्यानात घ्यावे. झडपेचा खिळाही दाबू नये. नळीत जुनी गोळी अडकली आहे का हे पाहायचे असेल, तर नळी माणसांपासून दूर वळवून बारीक लाकडी काडी आत सरकवावी व ती किती आत गेली हे बाहेरच्या लांबीशी ताडून पाहावे.

कायद्याबाबत ‘एअरगनला परवाना लागत नाही’ या ऐकीव माहितीवर विसंबू नये. २०१६च्या शस्त्र नियमांतील ती सवलत ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीला आणि २० ज्यूलपर्यंतच्या जोराला आहे, तर एअर केनची नळी साधारण ८ मिलिमीटरच्या आसपास असते. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुराणमूल्याच्या वा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे खरी, परंतु दुरुस्ती करूनही ते वापरता येणार नाही, ही अट त्यात आहे आणि वस्तू केवळ जुनी असल्याने ती अट पूर्ण होत नाही. म्हणून छायाचित्रांसह लेखी अर्ज साताऱ्यास जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना पाहणाऱ्या शाखेत द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. काठी पिशवीत घालून एसटीने साताऱ्यास आणू नये. तेथून लेखी सूचना मिळेल तसे करावे. परदेशी ग्राहकाला विकण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, कारण शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंची खासगी निर्यात १९७२च्या पुरावशेष कायद्याने बंद आहे.

दरम्यान माळा पुन्हा एकदा पाहावा. चौकोनी टोकाची छोटी किल्ली, गोळ्या ओतण्याचा चिमट्यासारखा साचा आणि पायाखाली धरायची आडवी पट्टी असलेला लोखंडी पंप हे साहित्य अशा काठीबरोबर एकाच पेटीत येत असे. पंप बहुधा कोणीतरी सायकलचा समजून भंगारात घातला असेल, पण किल्ली जुन्या कुलपांच्या जुडग्यात अजून असण्याची शक्यता आहे. ती मिळाल्यास कमान ताणून न पाहता केवळ भोकात बसते का एवढेच पाहावे आणि त्याचे छायाचित्र येथे जोडावे.