मेकॅनिकलची सीट सोडून मुलीने आर्किटेक्चरसाठी वर्षभर थांबावं का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: मुलीला कॅपच्या (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या फेरीत नाशिकमध्येच मेकॅनिकल लागलंय, ऑप्शन फॉर्ममधला तिचा दुसरा पर्याय. बारावीला ६८ टक्के आहेत. आता ती आर्किटेक्चरच करायचं म्हणतेय, पण नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) दिलेली नाही.

माझं मत: सीट आज सोडू नका. प्रवेश घ्या आणि प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख यायच्या आत काय ते ठरवा. ही प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या सीईटी सेलच्या वेळापत्रकात ही तारीख असते, ती आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या तारखेच्या आत रद्द केलं तर १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. नंतर रद्द केलं तर फक्त अनामत हाती येते.

‘पुढच्या फेरीत बघू’ हा मार्ग तुम्हाला तसाही नाही. २०२५-२६च्या नियमांप्रमाणे दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पर्यायांपैकी एक लागला की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते. ती नाकारली तर कॅपच्या पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. पुढच्या वर्षीच्या अर्जाला मात्र त्याने काही बाधा येत नाही.

यंदाच्या नाटाची एखादी तारीख शिल्लक आहे का, हे आधी बघा. बी.आर्क.ची कॅप नोंदणी इंजिनिअरिंगपेक्षा वेगळी असते, त्यामुळे नाटा झाली तर कदाचित वर्ष घालवायची वेळच येणार नाही.

आता गुणांचा हिशेब, कारण बहुतेक घरांत गफलत इथेच होते. इंजिनिअरिंगला बारावीचे गुण फक्त पात्रतेपुरते लागतात, मेरिट सीईटीवर लागतं. आर्किटेक्चरला बारावी आणि नाटा यांचं वजन निम्मं-निम्मं असतं. दोन्ही शंभरावर आणून बघा. बारावीचे ६८ आणि नाटात २००पैकी १०० मिळाले तर ५०, एकूण ११८. म्हणजे नाटाचे २ गुण बारावीच्या एका टक्क्याइतके. नाटात २० गुण वाढवले तर जेवढा फायदा, तेवढ्यासाठी बारावीला १० टक्के वाढवावे लागतील. आता ११८च्या आसपास मागच्या वर्षी कुठली कॉलेजं लागली, हे सीईटी सेलच्या कट-ऑफ यादीत तिच्या प्रवर्गाच्या रकान्यात बघा. तुलना स्वप्नातल्या कॉलेजशी करू नका, त्या यादीत जे नाव येईल त्याच्याशी करा. ते नाव बघून मुलगी खूश असेल, तरच वर्ष थांबण्यात अर्थ आहे.

श्रेणीसुधार परीक्षेचा पर्याय आहे. सगळे विषय पुन्हा द्यावे लागतात, गुण घटले तर जुनेच धरतात. पण ६८वरून ७४ करायला जो अभ्यास लागतो, त्याच्या निम्म्या कष्टात नाटाचे १२ गुण वाढतात, असं मला वाटतं. वजनाच्या हिशेबात दोन्ही सारखेच.

तिला चित्रकला खरंच जमते का, हे रद्द करण्याच्या तारखेआधी तपासा. नाटाच्या अ भागात दीड तासात ८० गुण असतात: रंगसंगतीचा प्रश्न २५, कृष्णधवल रेखाटन २५ आणि दिलेल्या साहित्यातून त्रिमितीय रचना ३०. तीन आठवडे रोज एक प्रश्न, घड्याळ लावून, अर्धा तास. विषय आसपासचेच घ्या. समजा, गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार. नवीन मुलं हमखास चूक करतात ती अशी: लांबची माणसं लहान काढतात हे बरोबर, पण त्यांची डोकी खाली-खाली आणतात. सपाट जमिनीवर आपण उभे असू, तर आपल्याइतक्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांची डोकी क्षितिजरेषेवरच येतात. जवळच्याचंही आणि लांबच्याचंही. लांब जाताना वर सरकतात ते पाय. तीन आठवड्यांनी हे तिच्या कागदावर न सांगता दिसायला लागलं, तर हात तयार होतोय. पहिल्या आठवड्यातच कंटाळा आला, तर पाच वर्षांच्या शीट्स आणि मॉडेल्सचा विचार नीट करा. नाशिकमधल्या एखाद्या आर्किटेक्चर कॉलेजात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. साहित्याला आणि प्लॉटिंगला (मोठ्या ड्रॉइंगच्या छपाईला) महिन्याला किती पैसे लागतात, हेही त्याच खरं सांगतील.

हात बसतोय असं दिसलं, तर माझा कल वर्ष थांबण्याकडे आहे. मेकॅनिकलचं पहिलं वर्ष करून मग जाण्यात फायदा नाही: आर्किटेक्चरला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश नसतो, सुरुवात पहिल्यापासूनच. फी जाते आणि सबमिशनच्या धबडग्यात रेखाटनाला वेळ उरत नाही. थांबायचं ठरलं तर नाटासोबत जेईई मेनचा पेपर २ए (त्यातला आर्किटेक्चरचा पेपर) सुद्धा द्या. दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याच्या एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आणि एनआयटी त्यावरच प्रवेश देतात, नाटावर नाही. आणि अर्जात कॉलेज टाकताना काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता चालू आहे का ते बघाच. ती नसलेल्या पदवीवर आर्किटेक्ट म्हणून नोंदणी होत नाही.

फीबद्दल: तुम्ही ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये असाल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५पासून मुलींची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधूनच हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, त्यावरचं वर्ष बघा आणि पुढच्या वर्षी चालणार नसेल तर नव्याने काढा. सेतूत निकालानंतर गर्दी उसळते, म्हणून एप्रिलमध्येच अर्ज टाका. गॅपचं (मध्ये वर्ष थांबल्याचं) प्रतिज्ञापत्रही तेव्हाच करून घ्या.

रद्द करताना आधी तिच्या लॉगिनमधून ऑनलाइन अर्ज, मग त्याची प्रिंट सही करून कॉलेजात द्यायची आणि पोच घ्यायची. नुसतं कॉलेजात तोंडी सांगून प्रवेश रद्द होत नाही आणि तेवढ्यात तारीख उलटून जाते. एलसी आणि गुणपत्रिका त्याच दिवशी मागा. मूळ कागद अडवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे.