वाचकांचे प्रश्न: डॅन्यूबकाठचे विदिन

प्रश्न: बल्गेरियाच्या सहलीत सोफिया मुक्कामी आहोत. वायव्य टोकाच्या विदिनला सकाळी जाऊन रात्री परतता येईल का? एका किल्ल्यासाठी एवढी यातायात करावी का?

उत्तर: त्याच दिवशी परतायचा बेत करू नका. रेल्वेने एका बाजूलाच पाचेक तास जातात. मग गाव पाहायला उरते काय? एक मुक्काम ठेवा.

‘बाबा विदा’ किल्ला बोनोनिया या रोमन ठाण्याच्या अवशेषांवर उभा आहे. १३९३ मध्ये बल्गेरियाची तेव्हाची राजधानी तर्नोवो ऑटोमन तुर्कांच्या हाती पडली, तरी इथे त्सार (राजा) इव्हान स्रात्सिमिरचे राज्य टिकून होते. १३९६ मध्ये निकोपोलिसच्या लढाईत क्रुसेडर (युरोपातले ख्रिस्ती धर्मयोद्धे) ऑटोमनांकडून हरले आणि हे राज्यही बुडाले. ऑटोमनांनी किल्ला वापरात ठेवला. पुढे लष्करी महत्त्व संपल्यावरही शस्त्रांचे कोठार आणि तुरुंग म्हणून त्याचा उपयोग होत राहिला. म्हणून तो आज जवळजवळ अखंड दिसतो.

पण किल्ला पाहून परत फिरू नका. ऑटोमन सुलतानाला न जुमानणारा विदिनचा शासक उस्मान पझवानतोग्लू याची मशीद आणि ग्रंथालय जवळच आहेत. १७९८ मध्ये सुलतानाच्या फौजेने वेढा घातला, तरी विदिन त्याच्याच हाती राहिले. मशिदीच्या मिनाराकडे मान वर करून जरूर पाहा: चंद्रकोरीच्या जागी बदामाच्या आकाराचे टोक आहे. १८९४ चे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) कित्येक दशके छपराविना पडून होते. दुरुस्तीनंतर २०२३ मध्ये ते सांस्कृतिक केंद्र म्हणून उघडले आणि १८८५ मध्ये विदिनलाच जन्मलेल्या चित्रकार ज्यूल पास्किनचे नाव त्याला दिले. आमच्या मते किल्ल्याइतकाच वेळ याला द्यावा.

प्रश्न: बेलोग्रादचिकचे खडक याच फेरीत जमतील का?

उत्तर: जमतील, परतीच्या वाटेवर. मात्र बेलोग्रादचिकला रेल्वे नाही. सोफिया–विदिन मार्गावर ओरेशेत्स स्थानकात उतरून पुढे रस्त्याने जावे लागते. स्थानक लहानशा गावातले. टॅक्सी आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका, विदिनमधूनच ठरवून ठेवा. लाल वालुकाश्माचे सुळके हीच तिथल्या किल्ल्याची नैसर्गिक तटबंदी. जिथे फट होती तिथेच भिंत बांधली आहे. वरच्या टप्प्यावर चढण तीव्र आहे आणि पावसात दगड निसरडा होतो. चांगल्या पकडीचे बूट घाला.

पैशांचे म्हणाल तर १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो चालतो. लेव्ह हे जुने चलन कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नका, दुकानात ते चालत नाही.