शाफ्टमधील उभा डक्ट ओळंब्यात बसत नसेल तर

कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातील आपल्या बांधकामावर सर्व मजल्यांतून जाणाऱ्या शाफ्टमध्ये (उभ्या पोकळ मार्गात) हवेचा डक्ट, म्हणजे पत्र्याची नळी, बसवायचा आहे. त्यासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या स्लॅबमध्ये ठेवलेली भोके, म्हणजे कटआउट, एकमेकांपासून ७० मिलिमीटर सरकले आहेत आणि मध्ये कॅनव्हासचा (लवचीक कापडाचा) जोड घालून डक्ट ओढून घ्यावा, असे ठेकेदार सुचवतो आहे. हे मान्य करू नये. कॅनव्हास पंख्याची कंपने डक्टमध्ये उतरू नयेत म्हणून पंख्यालगत लावतात. तो तिरका ताणला की आत घड्या पडून हवेची वाट अरुंद होते आणि बंद शाफ्टमध्ये तो फाटला तर तिथे हात पोचत नाही.

पत्रा कापण्यापूर्वी संपूर्ण शाफ्ट मोजावा, केवळ बिघडलेला मजला नव्हे. गच्चीवरून तळापर्यंत ओळंबा सोडावा आणि पावसाळी वाऱ्याने तो झुलत असेल, तर त्याचे वजन पाण्याच्या बादलीत बुडते ठेवावे. प्रत्येक मजल्यावर दोरीपासून कटआउटच्या चारही कडांचे अंतर लिहून घेतले, की डक्टची मध्यरेषा थोडी सरकवून काम भागते का, हे कळते. चारही बाजूंना ५० मिलिमीटर मोकळीक असेल, तर रेषा ३५ मिलिमीटर सरकवूनही दोन्ही स्लॅबमध्ये अरुंद बाजूला १५ मिलिमीटर उरतात. कागदावर हे छान दिसते. प्रत्यक्षात इन्सुलेशन आणि अग्निरोधक भरणाला ती जागा सहसा पुरत नाही.

तसे असल्यास ऑफसेटचा, म्हणजे दोन सरकलेल्या भागांना जोडणारा तिरका, तुकडा करून घ्यावा. ७० मिलिमीटरसाठी उभ्या रेषेपासून ४५ अंशांत तेवढीच उंची लागते, १५ अंशांत सुमारे २६० मिलिमीटर. मजल्याची उंची हाताशी असताना तीव्र वळण घेऊन हवेचा दाब वाया घालवण्यात अर्थ नाही. शिवाजी उद्यमनगरात असा तुकडा सहज बनतो. माप मात्र जागेवरचे द्यावे, ड्रॉइंगवरचे नव्हे.

कटआउट फोडून वाढवण्याचा मोह होईल, पण त्याच्या कडेलाच जादा सळ्या असतात, त्यामुळे आरसीसी डिझायनरच्या लेखी संमतीशिवाय ब्रेकर लावू देऊ नये. पोस्ट-टेन्शन स्लॅब (आत ताणलेल्या पोलादी तारा असलेला) असेल तर फोडण्याचा विषयच संपला.

ऑफसेटच्या वर आणि खाली, दोन्ही स्लॅबवर अँगलचे आधार द्यावेत, म्हणजे वरच्या डक्टचे वजन तिरक्या तुकड्यावर येणार नाही. डक्ट स्वयंपाकघराच्या धुराचा असेल, तर त्या वळणावर तेलकट थर साचतो, म्हणून तिथे सफाईची झडप हवीच. गळतीची चाचणी शाफ्टची वीटभिंत चढवण्यापूर्वी उरकून घ्यावी.