तेराव्या महिन्यातही टाळू मऊ लागते, तेव्हा

तुझा प्रश्न वाचला. बाळ तेरा महिन्यांचं, टाळू अजून मऊ लागते, शेजारच्या बाळाची दहाव्याच महिन्यात बुजली, सासूबाई म्हणतात तेल कमी पडलं, आणि कॅल्शियमची बाटली आणू का? अगं, पुढची टाळू साधारण ९ ते १८ महिन्यांत बुजते, काही धडधाकट मुलांची दोन वर्षांपर्यंतही राहते. तेलाने टाळू भरायची तर खुशाल भर, पण त्याने हाड लवकर जुळत नाही.

कवटीची हाडं जन्मताना सुटी असतात, म्हणून बाहेर येताना ती एकमेकांवर सरकू शकतात. पुढे वर्षभरात डोक्याचा घेर १२ सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, त्यासाठीही जागा लागतेच. खरं तर फार लवकर बुजली आणि घेर वाढेना, तर डॉक्टर जास्त सावध होतात. लसीच्या वेळी घेर मोजून घेत जा.

बाकीच्या सांगाड्याचंही काम सावकाशच चालतं. हातापायांच्या लांब हाडांचा मधला भाग जन्माआधीच टणक व्हायला लागतो, टोकं मात्र बराच काळ कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारखी लवचिक, असतात. मनगटातली आठही छोटी हाडं नवजात बाळाच्या एक्स-रेत बहुधा दिसतच नाहीत. पहिली दोन काही महिन्यांनी उमटतात, शेवटचं दहाव्या वर्षाच्या आगेमागे. उंचीची शंका असली की डॉक्टर डाव्या हाताचा एक्स-रे काढतात तो यासाठीच, कोणती हाडं उमटली यावरून हाडांचं वय कळतं. गुडघ्याची वाटी तर तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान हाडाची होते.

खुब्याची खोबणही सुरुवातीला बरीचशी कूर्चेची असते. त्यामुळे मालीश झाल्यावर पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून बांधायची पद्धत मला मुळीच पटत नाही. त्याने खुबा निसटण्याचा धोका वाढतो. पुढच्या बाळाच्या वेळी हात गुंडाळा हवं तर, पाय बेडकासारखे मोकळे राहू देत.

आता बाटलीचं. कॅल्शियम मनाने सुरू करू नकोस. दूध, दही, नाचणी, तिळकूट यांतून या वयाला पुरेसं मिळतं. वरचं दूध मात्र दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेव, नाहीतर पोट दुधानेच भरतं आणि लोह कमी पडतं. आपल्याकडे खरा तुटवडा असतो तो ड जीवनसत्त्वाचा. आईच्या दुधात ते फार कमी असतं, म्हणून पहिलं वर्ष रोज ४०० आययूचे (आययू म्हणजे जीवनसत्त्व मोजायचं एकक) थेंब देतात. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हावर फार विसंबू नकोस. ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण तेव्हा नगण्य असतात, आणि बंद काचेतून तर येतच नाहीत. थेंब वर्षभर दिलेस का, ते लिहिलं नाहीस. आता पुढे किती द्यायचे ते डॉक्टरांना विचार, आणि एका मिलिलिटरमध्ये किती आययू आहेत ते बाटलीवर वाच, कारण प्रत्येक कंपनीचं प्रमाण वेगळं असतं. मोठ्यांची ड जीवनसत्त्वाची ६०,००० आययूची पुडी घरात असेल तर तिला हात लावू नकोस.

मनगटं जाड दिसणं, बरगड्यांवर मण्यांसारखे उंचवटे, कपाळ पुढे येणं, एकही दात नसणं, आधाराने उभंही न राहणं, यातलं काही असेल तर अठरा महिन्यांची वाट न बघता दाखव. मुडदूस (ड जीवनसत्त्वाच्या तुटवड्याने हाडं मऊ राहणं) किंवा थायरॉइड तपासतील. टाळू ठोके दिल्यासारखी उडते ते नॉर्मल आहे. पण तापात, बाळ शांत बसलेलं असतानाही ती फुगलेली दिसली, किंवा जुलाबात खोल गेली, तर तडक दवाखाना गाठायचा.

आणि हो, चालायला लागल्यावर पाय धनुष्यासारखे वाकडे वाटतील, तेव्हा परत घाबरशील. दोन वर्षांपर्यंत ते चालतं. मग तीन-चारच्या सुमारास उलट गुडघे एकमेकांना लागतात आणि सातव्या वर्षापर्यंत बहुतेकांचे आपोआप सरळ होतात. एकच पाय वाकडा असेल किंवा वाक वाढत चालला असेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखव.