नकाशावरचे ठिपके उल्का कुठे पडल्या ते सांगत नाहीत

तुमचे दोन प्रश्न आहेत, उल्कापाषाण अंटार्क्टिकातच एवढे का पडतात आणि उल्का आदळून झालेल्या विवरांच्या नकाशावर कॅनडा, स्वीडन-फिनलंड, ऑस्ट्रेलिया इथेच गर्दी का. खरं तर दोन्हीचं उत्तर एकच आहे. दगड सगळीकडेच पडतात, बहुतेक तर समुद्रातच जातात, नकाशावर दिसतं ते फक्त काय टिकलं आणि कुणी शोधलं तेवढं.

अंटार्क्टिकाचं बघा. 1969 मध्ये जपानी टीमला यामातो पर्वतांजवळ बर्फावर 9 दगड सापडले, तपासले तर वेगवेगळ्या प्रकारचे निघाले, म्हणजे एका उल्केचे तुकडे नव्हतेच. मग एका जागी आले कसे? तर पडलेला दगड बर्फात गाडला जातो, बर्फ हळूहळू समुद्राकडे सरकतो, वाटेत डोंगर आडवा आला की तुंबून वर येतो, वरून कोरडा जोराचा वारा त्याला झिजवत राहतो आणि हजारो वर्षांत गोळा झालेले दगड उघडे पडतात. निळसर बर्फावर काळा दगड, लांबूनही कळतो. आज नोंद असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त तिथले आहेत. सहारा, ओमान, अटाकामा इथेही भरपूर मिळतात कारण कोरडं हवामान. पावसाच्या प्रदेशात आतलं लोखंड गंजतं आणि दगडाचा भुगा होतो.

विवरांचं गणित जरा वेगळं. खात्रीची विवरं जगात जेमतेम 200. पाऊस, नद्या, गाळ, सरकणारे भूखंड, सगळं मिळून ती पुसून टाकतात, म्हणून जिथला खडक अब्जावधी वर्षं स्थिर आहे तिथेच ती उरली, आणि तिथल्या लोकांनी शोधलीही मन लावून. मेक्सिकोतलं चिक्शुलूब सुमारे 180 किमीचं, पण गाळाखाली पूर्ण गाडलेलं, तेलाच्या शोधात गुरुत्व आणि चुंबकीय मोजमापं घेताना हाती लागलं.

सॅटेलाइट फोटोत गोल दिसलं म्हणून विवर धरू नका प्लीज, ही चूक फार होते. खडकात आघाताची खूण लागते. लोणारलाही बरीच वर्षं लोक ज्वालामुखीचं मुख समजायचे, कारण आजूबाजूला सगळा बेसाल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक. मग तिथे मॅस्केलिनाइट मिळालं, म्हणजे प्रचंड दाबाने न वितळताच काच झालेलं फेल्डस्पार (खडकातलं एक खनिज), आणि असा दाब कुठलाही ज्वालामुखी देऊ शकत नाही.

आणि मोठ्या विवरात उल्कापाषाण मिळेल ही आशा सोडा, आदळणारा दगड बहुतेक वितळून वाफ होऊन जातो. ॲरिझोनाचं बॅरिंजर विवर लहान आणि तरुण, 1.2 किमी आणि सुमारे 50,000 वर्षं, म्हणून तिथे लोखंडाचे तुकडे मिळाले. उलट नामिबियातला होबा उल्कापाषाण सुमारे 60 टनांचा, पण भोवती विवरच नाही.

संशयित दगड हातात आला तर त्याला ताकदवान मॅग्नेट लावू नका, त्यात जपलेली जुन्या चुंबकत्वाची नोंद कायमची पुसली जाते. होकायंत्र जवळ नेऊन सुई हलते का बघा, सुरुवातीला तेवढं पुरे.

शिकायला मिटिऑरिटिकल बुलेटिनचा डेटाबेस, म्हणजे जगभरच्या उल्कापाषाणांची नोंदवही, उघडा, फ्री आहे. त्यात पडताना पाहिलेले आणि नंतर सापडलेले अशी वेगळी नोंद असते. फक्त पहिले घेऊन नकाशा काढा, अंटार्क्टिका रिकामा होतो आणि ठिपके दाट वस्तीच्या भागांकडे सरकतात.