भात पचतो, कागद का पचत नाही?

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या बारावी विज्ञान शाखेत असून तिने बायोटेक्नॉलॉजीत पदवी घ्यावी की रसायनशास्त्रात, असे आपण विचारले आहे. पत्राखाली तिने स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे : "भात आणि कागद दोन्ही ग्लुकोजचेच, मग कागद का पचत नाही?" माझे उत्तर मुख्यतः या ओळीला आहे.

भातातील स्टार्च आणि कागदातील सेल्युलोज या दोहोंत ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडलेले असतात. फरक असतो तो पहिल्या कार्बनवरील जोडणीच्या दिशेत. अल्फा जोडणीमुळे स्टार्चची साखळी वळत जाते आणि आपल्या लाळेतील अमायलेज हे विकर (एन्झाइम) तिला तोडू शकते; बीटा जोडणीमुळे सेल्युलोजच्या साखळ्या सरळ राहून एकमेकींना हायड्रोजन बंधांनी घट्ट बिलगतात, आणि त्या तोडणारे विकर आपल्याजवळ नाही. गाईजवळही नाही; तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. आपण साखर कारखान्यात नोकरीला आहात, म्हणून सांगतो : एकाच उसातली साखर पोत्यात जाते आणि सेल्युलोज बगॅसबरोबर, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चिपाडाबरोबर, बॉयलरमध्ये जळते.

ज्या मुलीला रेणूच्या रचनेविषयी असा प्रश्न पडतो, तिने आधी रसायनशास्त्र पक्के करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बायोटेक्नॉलॉजीच्या पदवीत अनेक विषयांची तोंडओळख होते, पण सेंद्रिय रसायनशास्त्राला वेळ कमी मिळतो, आणि कर्बोदकांचे काम तर त्याच्याशिवाय पुढे सरकत नाही. रसायनशास्त्र मुख्य ठेवून जैवरसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र जोडीला घेता येते. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित या चारही विषयांचे प्रश्न असतात, त्यामुळे गणित सोडू नये. बी.एस्सी. करून पुढे 'जॅम' ही आयआयटीतील एम.एस्सी.साठीची प्रवेश परीक्षा देण्याचा मार्गही आहेच.

नोकरीबाबत आपल्याला अंधारात ठेवत नाही. नुसत्या बी.एस्सी.वर बहुधा गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेतले काम मिळते आणि सुरुवातीचा पगार बेताचा असतो, एम.एस्सी.पर्यंतची पाच वर्षे धरूनच घरचा हिशेब मांडावा. त्यानंतरचे क्षेत्र मात्र लहान नाही. पुण्याजवळच्या मांजरी गावातील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखरेवर संशोधन चालते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली आणि 2010 मध्ये आफ्रिकेत वापरात आलेली मेंदूज्वराची लस जिवाणूच्या आवरणातील शर्करा-साखळी प्रथिनाला जोडून तयार झाली आहे. 2022 चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यांतील कॅरोलिन बर्टोझी यांनी पेशींवरच्या शर्करांचाच माग काढला होता.

निर्णयाची घाई नको. गळीत हंगामात, परवानगी मिळाल्यास, तिला कारखान्याच्या प्रयोगशाळेत घेऊन जा आणि पोलरीमीटर, म्हणजे द्रावणातून जाताना प्रकाशाचे प्रतल किती वळते ते मोजणारे उपकरण, दाखवा. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे, प्रतल उजवीकडे वळवते. आम्ल घालून ते तापवले की ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे होतात आणि तेच प्रतल डावीकडे वळते. शिळ्या उसाचा उतारा (त्यातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) का घटतो, हे तिने तिथेच आपल्याला विचारले, तर मला पुन्हा लिहा.

आपला,
करिअर समुपदेशक