एटीव्हीचे (खडबडीत वाटांवर चालणाऱ्या छोट्या वाहनाचे) इंजिन तापूनही रेडिएटरचा पंखा का फिरत नाही?
प्रथम पंख्याचा कनेक्टर सोडवून, फ्यूज लावलेल्या वायरने मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्टचा पुरवठा द्यावा. तरीही पंखा फिरला नाही, तर दोष मोटरमध्येच आहे. तो फिरला, तर फ्यूज, रिले (पंख्याचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच) आणि विशेषतः अर्थिंगची जोडणी तपासावी, कारण चिखलपाण्यातून जाणाऱ्या या वाहनांत तिथे गंज फार लवकर धरतो. रेडिएटरवर दोन टोकांचा साधा थर्मो स्विच (ठरावीक तापमानाला पंखा सुरू करणारा स्विच) असल्यास, इग्निशन चालू ठेवून त्याच्या कनेक्टरची टोके क्षणभर एकमेकांना जोडावीत; पंखा सुरू झाला, तर संशय स्विचवर जातो, मात्र तो बदलण्यापूर्वी कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी पाहावी, कारण हवा अडकल्यास चांगल्या स्विचलाही उष्णता कळत नाही. ईसीयूला (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला) जोडलेल्या सेन्सरवर हा प्रयोग करू नये. गरम रेडिएटरचे झाकण कृपया कधीही उघडू नका.